रात्रीच्या कबड्डीचे फोटो काढायचेत? लेन्स घ्यायच्या आधी हे करा

चढाईपटू परत फिरलाय, डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूने त्याचा घोटा धरलाय, अजून दोघं पाठीवर पडलेत आणि तो आडवा होऊन मध्यरेषेकडे हात लांबवतोय. बोटं आणि रेषा यात चार इंच. कबड्डीत याच्याइतका सुंदर क्षण दुसरा नाही असं मला मनापासून वाटतं, आणि पहिल्या वर्षी हाच क्षण माझ्या कॅमेऱ्यात कितीतरी वेळा आला पण प्रत्येक वेळी हाताच्या जागी एक फिकट पट्टा. कॅमेरा व्यवस्थित होता, मीही बरोबर वेळेला बटण दाबत होतो, पण लेन्स होती कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ (हे मिलिमीटर, आकडा मोठा तेवढं जवळचं दिसतं), ती ५५ वर नेली की एफ ५.६, आणि मैदानावर चार खांबांवर चार दिवे. शटर १/८० च्या वर, म्हणजे सेकंदाच्या ऐंशीव्या भागापेक्षा जलद, नेलं की फोटो काळा.

आपल्याकडे मंडळांच्या स्पर्धा संध्याकाळी सुरू होतात आणि फायनल रात्री उशिरा, त्यामुळे कबड्डीचे फोटो काढायचे म्हणजे कमी उजेडात काढायचे हे धरूनच चाला. हल्ली बरीच नवीन पोरं विचारतात की दादा कुठली फास्ट लेन्स घेऊ, आणि विचारताना बहुतेकांच्या मनात ७०-२०० एफ २.८ ठरलेली असते कारण टीव्हीवर बाउंड्रीजवळ बसलेल्या फोटोग्राफरांकडे मोठ्या लेन्सा दिसतात. ती लेन्स चांगलीच आहे, पण नवीन घ्यायची तर लाखाच्या घरात जाते आणि कबड्डीला बऱ्याचदा ती लागतच नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, याच क्रमाने करा, पैसे वाचतील.

फास्ट लेन्स म्हणजे काय ते आधी दोन ओळीत. लेन्सचं भोक जेवढं मोठं उघडतं तेवढा उजेड आत जास्त, आणि एफचा आकडा जेवढा लहान तेवढं भोक मोठं. १.४, २, २.८, ४, ५.६ अशी ही शिडी आहे, एक पायरी खाली आलात की उजेड दुप्पट. म्हणजे ५.६ वरून २.८ वर आलात तर चौपट, आणि १.८ वर आलात तर जवळपास दहापट. दहापट हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

१. आधी शटर ठरवा

लेन्सच्या आधी शटर कारण कबड्डीत बाकी काही मागेपुढे करता येतं, शटर येत नाही. हिशोब सोपा आहे. पकड करताना बचावपटूचा हात सेकंदाला ५ मीटर वेगाने येतोय असं धरा, १/१२५ ला शटर उघडं असेपर्यंत तो हात ४ सेंटीमीटर सरकतो आणि १/५०० ला १ सेंटीमीटर. ४ सेंटीमीटर म्हणजे बोटं गायब, १ सेंटीमीटर म्हणजे बोटं ओळखू येतात. मी १/५०० च्या खाली जात नाही, उजेड बरा असला तर १/८००, आणि हनुमान उडी किंवा जोरात फेकलेली लाथ टिपायची तर १/१०००. नुसता दम घेत उभा असलेला चढाईपटू, पंचांचा उंचावलेला हात, बाकावरचे चेहरे हे १/२०० ला पण निघतात, पण लेन्स त्या फोटोंसाठी घेत नाही ना आपण.

इथे एक गैरसमज काढून टाका. लेन्सवर स्टॅबिलायझेशन लिहिलंय, व्हीआर म्हणा आयएस म्हणा, ते आपला हात हलतो त्याच्यासाठी असतं. समोरचा पळतोय त्याला ते थांबवत नाही. दुकानदार सांगेल की चार स्टॉपचं (स्टॉप म्हणजे वरच्या शिडीची एक पायरी) स्टॅबिलायझेशन आहे साहेब म्हणजे एफ ४ पण चालेल, तर कबड्डीला नाही चालत.

२. मैदानावर जाऊन उजेड मोजा

उजेड मोजायला वेगळं यंत्र लागत नाही, तुमचा आत्ताचाच कॅमेरा घेऊन एका रात्रीच्या मॅचला जा. मॅन्युअल मोड, शटर १/५००, एफ जेवढा लहान होतो तेवढा, आयएसओ (हा आकडा वाढवला की फोटो उजळ होतो पण दाणे वाढतात) ऑटो, आणि ऑटो आयएसओची कमाल मर्यादा सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात वर नेऊन ठेवा, नाहीतर कॅमेरा ६४०० लाच अडेल, फोटो काळे येतील आणि तुमचा हिशोब चुकेल. मग मॅटच्या मध्यावर, चारही कोपऱ्यात आणि निदान रेषेजवळ खेळाडूंचे फोटो काढा आणि घरी येऊन प्रत्येक फोटोला आयएसओ किती लागला ते वहीत लिहा.

मंडळाच्या मैदानावर मला एफ ५.६ ला साधारण १२८०० लागायचा आणि कोपऱ्यात त्याहून जास्त, कारण दिवे मधोमध रोखलेले असतात आणि पकडी तर कोपऱ्यातच जास्त होतात. आता वरची शिडी लावा. १२८०० ला एफ ५.६, म्हणजे एफ २.८ ला ३२००, आणि एफ १.८ ला १२५० च्या आसपास. साध्या क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात १२८०० चा फोटो म्हणजे चेहऱ्यावर रांगोळी सांडल्यासारखे दाणे, ३२०० चा फोटो चालून जातो, १२५० चा फोटो मोठा करून भिंतीवर लावता येतो. तुमच्या मैदानाचा आकडा वेगळा येईल म्हणूनच जाऊन मोजा म्हणतोय. वरळीच्या डोममध्ये किंवा बालेवाडीला प्रो कबड्डीच्या मॅचला टीव्हीसाठी उजेड केलेला असतो, तिथले फोटो आणि त्याच्याखाली लिहिलेले आकडे बघून आपल्या गल्लीतल्या मैदानासाठी लेन्स ठरवू नका. तिथे एफ ४ ची लेन्स सुद्धा निभावून नेते, आपल्याकडे नाही.

फ्लॅशचा विचार मनातून काढा. चढाईपटूच्या डोळ्यावर अर्ध्या चढाईत प्रकाश मारणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि पंचांनी तुम्हाला उठवलं तर ते बरोबरच करतायत.

३. अंतर मोजा, हे सगळ्यात महत्त्वाचं

हे कुणीच करत नाही आणि चुकीची लेन्स इथेच घेतली जाते. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, बोनस रेषा त्याच्या पुढे १ मीटर, आणि शेवटची रेषा साडेसहा मीटरवर. आता तुम्ही शेवटच्या रेषेच्या मागे ३ मीटरवर बसलात, म्हणजे बचाव करणारा संघ तुमच्याकडे पाठ करून आणि चढाईपटू तुमच्याकडे तोंड करून. ही कबड्डीतली सगळ्यात चांगली जागा, डोळे दिसतात, दम दिसतो, हात कुणाकडे जातोय ते दिसतं. इथून निदान रेषेवरचा चढाईपटू तुमच्यापासून पावणेसहा मीटरवर आणि मध्यरेषा साडेनऊ मीटरवर. बस, एवढंच अंतर आहे. क्रिकेट किंवा फुटबॉलसारखं पन्नास-साठ मीटर नाही.

आता कुठली लेन्स किती भाग दाखवेल ते काढायचं सूत्र, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: सेन्सरची रुंदी भागिले लेन्सचा आकडा गुणिले अंतर. क्रॉप सेन्सरची रुंदी साधारण २३ मिलिमीटर धरा, फुल फ्रेमची ३६. क्रॉप कॅमेऱ्यावर ६ मीटरवरून ५० च्या लेन्समध्ये पावणेतीन मीटर रुंदीचा भाग येतो, म्हणजे चढाईपटू आणि त्याच्यावर झेपावणारे दोघं. ८५ मध्ये १.६ मीटर, म्हणजे आडव्या फ्रेममध्ये कमरेपासून वरचा चढाईपटू आणि त्याने हात लांब केला की हात फ्रेमच्या बाहेर. १३५ मध्ये जेमतेम १ मीटर. आणि २०० मध्ये साडेनऊ मीटरवरच्या मध्यरेषेवर सुद्धा फक्त १.१ मीटर, म्हणजे ७०-२०० ची जी लांब बाजू आहे जिचे पैसे तुम्ही मोजणार ती शेवटच्या रेषेमागे बसून वापरताच येत नाही.

हे कागदावर पटत नसेल तर मैदानावरच करून बघा. १८-५५ लेन्स आहे ना, ती ५० वर ठेवा, रिंगला चिकटपट्टी लावून टाका म्हणजे हलणार नाही, आणि अख्खा एक सामना तसाच काढा. ५५-२५० असेल तर दुसरा सामना ८५ वर चिकटपट्टी लावून. फोटो कसेही येऊ देत, काळे येऊ देत, तुम्ही फक्त बघायचं की फ्रेममध्ये काय मावतंय आणि काय कापलं जातंय. जुने फोटो असतील तर तेही उघडा, प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढलाय ते लिहिलेलं असतं, शंभर फोटोंचे आकडे बघितले की तुमची लेन्स तुम्हाला आपोआप कळते.

आणि तुम्हाला जागा कुठे मिळते ते प्रामाणिकपणे बघा. आयोजक ओळखीचे असतील तर मॅटजवळ बसायला मिळतं. नसतील तर पब्लिकच्या मागून, खुर्चीवर उभं राहून, १२-१५ मीटरवरून, तिथे ५० ची लेन्स उपयोगाची नाही.

४. आता लेन्स ठरवा

क्रॉप कॅमेरा आणि मॅटजवळ जागा, तर ५० एफ १.८. कॅननची ईएफ ५० एसटीएम १६० ग्रॅमची आहे, निकॉनची ५० एफ १.८ जी १८५ ग्रॅमची, खिशात मावतात, आणि ऑटोफोकसच्या फास्ट लेन्समध्ये यापेक्षा स्वस्त फारसं काही नाही. पहिला एक सीझन यावरच काढा असं माझं ठाम मत आहे. झूम नाही म्हणून पोरं घाबरतात, पण झूम नसली की तुम्ही खेळ वाचायला लागता, चढाईपटू उजव्या बाजूला वळला की पकड कुठल्या कोपऱ्यात होणार ते आधी कळायला लागतं आणि तुम्ही कॅमेरा तिकडे आधीच नेऊन ठेवता.

क्रॉप कॅमेरा आणि थोडं लांबून, किंवा फुल फ्रेम आणि मॅटजवळ, तर ८५ एफ १.८. माझ्या बॅगेतली सगळ्यात लाडकी लेन्स हीच. कॅननची ८५ एफ १.८ यूएसएम १९९२ सालची आहे तरी फोकस अजूनही चपळ, निकॉनची ८५ एफ १.८ जी साडेतीनशे ग्रॅम, सोनीची एफई ८५ एफ १.८ सुद्धा तेवढ्याच वजनाची. रात्रभर आठ-दहा सामने काढायचे असतात, दीड किलोची ७०-२०० हातात धरून पाचव्या सामन्याला मनगट बोलायला लागतं, ८५ ला तो प्रश्न नाही.

८५ मध्ये पण एफ १.२ आणि १.४ च्या भारी लेन्सा असतात, त्या लग्नाच्या पोर्ट्रेटसाठी. उदाहरणार्थ कॅननची ईएफ ८५ एफ १.२ किलोभर काच घेऊन फिरते आणि फोकस सावकाश सरकतो, नवरीसाठी ठीक आहे, चढाईसाठी नाही. उजेड जास्त म्हणजे लेन्स चांगली असं सरळ गणित नसतं. शिवाय एफ जेवढा लहान तेवढी फोकसची खोली कमी. ८५ एफ १.८ ला क्रॉप कॅमेऱ्यावर ६ मीटरवर फक्त फूटभर खोली फोकसमध्ये असते, म्हणजे चढाईपटूने हात पुढे टाकला तर हात स्पष्ट आणि चेहरा पुसट किंवा उलट. साडेनऊ मीटरवर तीच खोली पाऊण मीटरच्या वर जाते. ५० ला ६ मीटरवर जवळपास १ मीटर मिळते, नवीन माणसाला ५० सोपी जाते त्याचं हेही एक कारण आहे. मी स्वतः ८५ बऱ्याचदा एफ २.२ वर ठेवतो, थोडा उजेड जातो पण चेहरे वाचतात.

मग ७०-२०० एफ २.८ कुणी घ्यायची? जो कबड्डीबरोबर खो-खो, फुटबॉल, दिवसाचं क्रिकेट सगळंच काढतो, ज्याला जागा बदलता येत नाही, ज्याच्या कॅमेऱ्यात ३२००-६४०० आयएसओ स्वच्छ येतो आणि ज्याला यातून पैसे मिळतात. तोपर्यंत मोठ्या फायनलला एक-दोन दिवस भाड्याने आणा. भाड्याने आणून वापरलीत की दोनच रात्रीत कळतं की तुम्ही ती ७० ते १०० मध्येच फिरवत होतात की खरंच पुढे जात होतात.

५. ऑटोफोकस तपासा, याच्यावर फसवणूक फार होते

लेन्स फास्ट आहे आणि फोकस मंद आहे तर त्या उजेडाचं लोणचं घालायचं का? तीन गोष्टी बघा.

एक, निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा छोट्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या एएफ-डी लेन्सा सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळतात, बॉडीवर बसतात खऱ्या, पण ऑटोफोकस करत नाहीत. नावात एएफ-एस असलेलीच घ्या, तिच्यात स्वतःची मोटर असते.

दोन, ऑनलाइन एफ १.२, १.४ च्या नवीन लेन्सा आश्चर्य वाटेल इतक्या कमी किमतीत दिसतात. वर्णन नीट वाचा, मॅन्युअल फोकस लिहिलेलं असेल. कबड्डीत हाताने फोकस फिरवून पकड टिपणं नवीन माणसाच्या आवाक्यातलं नाही, त्या नादी लागू नका.

तीन, मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लिहिलेली लेन्स शक्यतो टाळा, तिचा फोकस जवळून लांब जायला वेळ घेतो आणि कमी उजेडात मागेपुढे चाचपडत बसतो.

डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) एक फायदा लक्षात घ्या. फोकस करताना लेन्सचं भोक पूर्ण उघडं असतं, तुम्ही एफ ४ लावला असला तरी, आणि फोटो काढायच्या क्षणालाच ते लहान होतं. म्हणून एफ १.८ ची लेन्स अंधारात फोकस पण चांगला धरते, नुसता फोटोच उजळ येतो असं नाही. मधला फोकस पॉइंट बहुतेक बॉडीत सगळ्यात तिखट असतो, तोच वापरा.

६. सेकंडहँड घेताना

मुंबईत फोर्टात बोरा बाजारला जा किंवा ओळखीच्या फोटोग्राफरकडून घ्या, पण हातात घेऊन, उजेडात बघून. आपल्याकडची हवा दमट, कोकण-मुंबईच्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी लागते आणि विकणाऱ्याला स्वतःला पण ते कधी कधी माहीत नसतं. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारा, पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण असले तर काही बिघडत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू काचेच्या कडेला दिसले तर लेन्स खाली ठेवा, कितीही स्वस्त असली तरी. मी एकदा मोहाने तशी घेतली, वर्षभरात ती बुरशी मधल्या काचेपर्यंत गेली आणि दिव्यासमोर फोटो काढला की सगळीकडे दुधी पसारा.

मग तुमच्या स्वतःच्या बॉडीवर चढवा. एफ १.८ वर समोरच्या दुकानाची पाटी तिरकी दिसेल असे उभे राहा, एका अक्षरावर फोकस करून फोटो काढा आणि मोठा करून बघा की तेच अक्षर स्पष्ट आहे की त्याच्या पुढचं-मागचं. फोकस पुढे किंवा मागे जात असेल तर एफ १.८ ला रोज त्रास होणार. दहा वेळा जवळ-लांब फोकस करा, मोटर अडकते का, घरघर येते का ऐका. एफ १६ ला फोटो काढताना समोरून भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्यांकडे बघा, झटकन बंद व्हायला पाहिजेत, तेलकट चमक दिसली तर नको. लेन्सचं हूड (पुढे लावायचं गोल आवरण) मागून घ्या, कबड्डीत ते पाहिजेच, पुढच्या काचेला लागणारा धक्का आधी हूड खातं.

७. पहिली रात्र

लवकर जा, सरावाच्या वेळेलाच दिवे लागलेले असतात तेव्हा सेटिंग करून घ्या. मॅन्युअल, १/५००, एफ २ किंवा १.८, ऑटो आयएसओ, सतत फोकस करणारा मोड, सलग फोटोंचा मोड, आणि फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ फाइल).

फोटो लागोपाठ काढले आणि एक उजळ, एक पिवळट, एक काळपट असे आले तर लेन्स परत करायला धावू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुने मेटल हॅलाइडचे आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला दिसत नाही पण १/५०० च्या शटरला त्या लाटेचा एक तुकडाच मिळतो, कधी वरचा कधी खालचा. कॅमेऱ्यात फ्लिकर कमी करायची सेटिंग असेल तर चालू करा, ती शटर लाटेच्या वरच्या टोकाला उघडते. मिररलेसवाल्यांनी सायलेंट शटर बंद ठेवा नाहीतर फोटोवर आडवे पट्टे येतील.

बसताना शेवटच्या रेषेपासून ३ मीटर सोडाच. पकडीत तीन-चार जण एकत्र बाहेर फेकले जातात आणि त्यांना थांबता येत नाही. मांडी घालून बसू नका, एक गुडघा टेकून बसा म्हणजे उठता येतं, बॅग पाठीमागे, आणि दुसरा डोळा उघडा ठेवा. तुमच्या कॅमेऱ्यावर आपटून एखाद्या पोराचा दात पडला तर कुठलाच फोटो त्याच्या किमतीचा नाही.

पहिल्या सामन्यात फक्त एका गोष्टीच्या मागे लागा, परत फिरणारा चढाईपटू. फोकस त्याच्या छातीवर धरून ठेवा, तो बोनस रेषेवर पाय टाकतो तेव्हा दोन फोटो, आणि कुणी घोट्याला हात घातला की बटण दाबून धरा, मध्यरेषेपर्यंत सोडू नका. हात रेषेला लागतो त्या क्षणी तो जमिनीवर असतो, म्हणून तुमचा कॅमेरा पण खाली पाहिजे, मॅटपासून दीड-दोन फुटांवर, तेव्हाच बोटं आणि रेषा यांच्यामधली ती चार इंच दिसते.

आणि फोटो त्याच रात्री पोरांना पाठवा. जिल्ह्याच्या संघात निवड होईल न होईल, यातल्या बहुतेकांचा खेळतानाचा चांगला फोटो दुसऱ्या कुणी काढलेलाच नसतो. आमच्या इथल्या एका कोपरारक्षकाच्या आईने ८५ ने काढलेला त्याचा पकडीचा फोटो मोठा करून देवघराच्या शेजारी लावलाय. घरी गेलो की आधी मी लेन्स पुसतो, मॅटची धूळ आणि घामाचे थेंब असतात, मग सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवतो, आणि मग फोटो निवडायला बसतो.